काच बसली, कासमचाचा आत राहिले

"दत्ता, आता मी उतरू कसा?"

कासमचाचांनी ट्रकच्या केबिनमधून हे विचारलं तेव्हा मी काचेवर शेवटचा फडका मारत होतो. काच अशी बसली होती की बघत राहावं. रबर चारी बाजूंनी एकसारखं, कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. मी स्वतःवरच खूश होतो. त्या खुशीत म्हटलं, "कसा म्हणजे? दरवाजा उघडा आणि उतरा. तुम्हाला काय पालखी पाठवू?"

"दरवाजा उघडत नाय."

"मग पलीकडचा उघडा."

"तो पण नाय रे."

मी बाहेरून हँडल धरून ओढलं. काही नाही. पाय लावून ओढलं. तरी काही नाही. पलीकडे जाऊन तिथलं हँडल ओढलं तर हँडलच हातात आलं. तेव्हा मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आता नीट सांगतो. मी दत्ताराम. मूळ गाव कुडपण, पण महाडहून पोलादपूरला जाताना हायवेला माझी पत्र्याची शेड आहे आणि तीच माझी कर्मभूमी. एकतीस वर्षं गाड्यांच्या काचा बसवतोय. पुढची काच, मागची काच, आणि काच ज्या लोखंडी चौकटीत बसते ती चौकट, म्हणजे फ्रेम, हे सगळं मीच करतो. वेल्डिंगही मीच. तोंडाने मी फटकळ आहे हे मला ठाऊक आहे, पण काम असं चोख की मी बसवलेली काच पुन्हा बघायला लागत नाही, असा माझा तोरा होता. होता म्हणतोय, लक्षात घ्या.

कासमचाचा तुडीलचे. वय सदुसष्ट. अंगाने असे भरलेले की ते ड्रायव्हर सीटवर बसले की क्लीनर बाजूची सीट उंच वाटते. पंचवीस वर्षं एकच ट्रक चालवतायत. नाकवाली गाडी, म्हणजे बॉनेट पुढे आलेलं, जुन्या पद्धतीचं. नाव 'तुडीलची राणी'. जांभ्याचे चिरे वाहायचे, कधी भाताची पोती, कधी कोणाचं बिऱ्हाड. दासगावपासून पोलादपूरपर्यंत जेवढी नवी घरं आहेत त्यातल्या निम्म्यांचे चिरे या राणीने ओढलेत, असं चाचा सांगतात. निम्म्याची निम्मी तरी खरी असतील.

चाचांचा मुलगा अल्ताफ मस्कतला असतो. पोरगा गुणी, पण बापावरच गेलेला, म्हणजे हट्टी. त्याचं म्हणणं, अब्बांचं वय झालं, गाडीचं वय झालं, आता बास. चाचांचं म्हणणं, मी घरी बसलो तर आठ दिवसांत चाचीच मला घराबाहेर काढील. शेवटी बापलेकांत करार झाला. या वेळी गाडी पासिंगला उभी करायची. पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे असा सरकारी दाखला. पहिल्या फटक्यात पास झाली तर गाडी राहील आणि अल्ताफ पुन्हा तोंड उघडणार नाही. नापास झाली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल आणि चाचा तोंड उघडणार नाहीत. चाचांनी चाचीसमोर जबान दिली होती. कॅम्प महाडला होता, दुपारी तीनपर्यंत. आणि मी तुम्हाला सांगतोय ती वेळ त्याच दिवशीची, दुपारी पावणेबारा.

गाडीत सगळं ठीक होतं, फक्त पुढची काच आणि फ्रेम गेली होती. सावित्रीच्या पुराचं पाणी एकदा केबिनमध्ये शिरलं होतं, तेव्हापासून फ्रेमला आतून गंज लागलेला. वरून रंग, आत भुगा. मी बोट लावलं तर बोट आरपार गेलं. अशा फ्रेममध्ये नवी काच बसवली तर पहिल्याच खड्ड्यात तडा जाणार, आणि खड्डा शोधायला आपल्याकडे लांब जावं लागत नाही. म्हणून मी जुनी फ्रेम कापून काढली आणि नवी घडवून वेल्ड केली. दोन दिवसांचं काम.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचा घोळ कळेल. लोखंड वेल्ड केलं की तापतं, आणि निवताना आकसतं. आकसताना शेजारच्या पत्र्याला आपल्याकडे ओढतं. फ्रेमच्या दोन बाजूंना दोन खांब असतात, आणि त्याच खांबांना केबिनचे दरवाजे टेकतात. खांब आत ओढले गेले तर दरवाजे अडकतात. म्हणून आमच्यात नियम आहे. आधी नुसते टाके मारायचे, कपड्याला कच्ची शिलाई घालतात तसे. मग दोन्ही दरवाजे उघडून, लावून बघायचे. मग पक्कं वेल्डिंग. मग पुन्हा दरवाजे उघडून बघायचे. हे मी पोरासोरांना शिकवलेलं आहे. तोंडपाठ.

पण दरवाजांवर मोर होता.

म्हणजे झालं असं. गाडीला आधी लोखंडकाम करायचं आणि मग रंग, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मधू पेंटर रिकामा सापडला तो नेमका माझ्या कामाच्या आदल्या दिवशी. मधू स्वतःला पेंटर म्हणवून घेत नाही, आर्टिस्ट म्हणवतो. जत्रांचे दिवस, देवळांची कामं, होड्यांवरची नावं, त्याला फुरसत नसते. चाचा म्हणाले, "तो आज गावला तर आज. लोखंड काय, कधी पन जोडता येतं." मधूने दोन्ही दरवाजांवर एकेक मोर काढला. पिसारा इतका ऐसपैस की दरवाजात मावेना, म्हणून त्याने तो बाजूच्या खांबावरही नेला. ऑइल पेंट आणि आपल्याकडची दमट हवा. रंग सुकायचं नाव नाही.

मी टाके मारले आणि दरवाजाकडे निघालो तर चाचा दोन्ही हात पसरून आडवे. "हात लावू नको रे! मोर ओला हाय!"

"चाचा, दरवाजा उघडून बघावा लागतो."

"मोराची शेपटी मोडंल. सुकू दे, मग बघ."

मी काय करायला हवं होतं? त्यांना बाजूला सारायला हवं होतं. मी काय केलं? फ्रेमचे कर्ण मोजले. दोन्ही सारखे आले. म्हटलं, फ्रेम काटकोनात आहे, आपला हात एकतीस वर्षांचा आहे, दरवाजे कुठे जातायत? आणि मारलं पक्कं वेल्डिंग. दोन दिवस आम्ही सगळे मडगार्डवर पाय, बॉनेटवर गुडघा, असे काचेच्या भोकातूनच आत-बाहेर करत होतो. चाचासुद्धा. त्यांना चढवायला मी आणि मधू दोघे लागायचो. दरवाजाची कोणाला आठवणच राहिली नाही.

काच बसवायला दोन माणसं लागतात, एक आत आणि एक बाहेर. काचेच्या कडेला रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावायचं, काच फ्रेमला टेकवायची. मग आतला माणूस दोरी हळूहळू ओढतो आणि बाहेरचा तळव्याने थापट्या मारतो. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ फ्रेमवर चढत जातो. आतलं काम माझा जोडीदार पांडू करतो. अंगाने काडी, कुठेही मावतो. पण त्या दिवशी पांडू गेला होता कुडपणला भाच्याच्या लग्नाला. चाचा म्हणाले, "मी ओढतो की दोरी. माजी गाडी, माजी काच." आणि चढले बॉनेटवरून आत.

दोरी त्यांनी झकास ओढली, हे कबूल केलं पाहिजे. मी बाहेरून थापट्या मारत होतो, मधू दुसरी बाजू दाबत होता, आणि आम्ही तिघांनी मिळून कासमचाचांना काचेमागे व्यवस्थित पॅक केलं.

"खिडकीतून निघता येत नाही का?" मधूने विचारलं.

खिडक्यांना गज होते. घाटात गाडी थांबवली की माकडं केबिनमध्ये शिरून डबे पळवायची, म्हणून चाचांनी दोन्ही खिडक्यांना आडवे गज लावून घेतले होते. लावणारा मीच. गज कापता आले असते, पण त्या खिडकीतून चाचांचा एक हात आणि अर्धा खांदा एवढंच बाहेर आलं असतं. बाकीचे चाचा आतच राहिले असते.

"मग काच काढ परत," मधू म्हणाला.

"काढ म्हणे! रबरात चिकटवायची पेस्ट भरलीय. काढायची तर रबर कापावं लागेल. या मॉडेलचं रबर पनवेलवरून मागवलंय, एकच पीस. दुसरं यायला चार दिवस. कॅम्प आज आहे."

आतून चाचा शांतपणे म्हणाले, "मंग मी चार दिस हितंच बसू?"

तोवर माणसं जमली होती. आपल्याकडे हायवेवर पाण्याचा नळ फुटला तरी दहा माणसं उभी राहतात, इथे तर माणूस बरणीत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक म्हणाला, छताला भोक पाडा. एक म्हणाला, अंगाला खोबरेल लावा. एका रिक्षावाल्याने आत वाकून विचारलं, "चाचा, गाडी चालू होते ना? मग तशीच न्या पासिंगला. साहेबाने उतरायला सांगितलं तर सांगा गुडघा दुखतो." चाचांना ते पटायलाही लागलं होतं. मी म्हटलं, साहेब पहिला दरवाजाच उघडून बघतो. दरवाजा उघडला नाही की नापास, आणि नापास झाली की उद्या राणी भंगारात. ते ऐकून चाचांचा चेहरा उतरला.

मी हातोडा उचलला. मधू मोरासमोर आडवा. "दत्ताशेठ, माझ्या मोराला हातोडा नाही लागणार!"

"तुझा मोरच नडलाय! पिसारा खांबापर्यंत नेला कशाला? रंगाने दरवाजा चिकटलाय!"

"रंगाने? रंगाने कधी लोखंड अडकतं काय? तुमची फ्रेम वाकडी! नाचता येईना अंगण वाकडं!"

"माझी फ्रेम वाकडी? कर्ण मोजलेत मी!"

"मग कर्णाला सांगा चाचाला बाहेर काढायला!"

लोक हसले. मला राग आला, कारण तो बरोबर बोलत होता. दरवाजाच्या फटीतून मी पटाशी सरकवून बघितली होती. रंग तुटला, पण लोखंडाला लोखंड भिडलेलं होतं. खांब आत आले होते. माझ्या वेल्डिंगने ओढले होते. हे मला तेव्हाच कळलं. पण एवढ्या लोकांसमोर बोलायचं कसं? मी मोठ्याने म्हटलं, "रंगच आहे."

तेवढ्यात चाची आल्या. तुडीलहून रिक्षाने, हातात डबा. पासिंगला जाण्याआधी नवरा जेवून जावा म्हणून आलेल्या. त्यांनी बघितलं, नवरा गाडीत बसलाय, गर्दी बाहेर आहे, आणि नवरा खाली उतरत नाही.

"अवो, उतरा. जेवा," चाची म्हणाल्या.

"नाय उतरत."

"रुसलात काय?"

"रुसू कशाला? उतरता येत नाय!"

चाचींनी माझ्याकडे बघितलं. मी मधूकडे बघितलं. मधूने मोराकडे बघितलं. मग चाचींनी पदर खोचला, पायरीवर चढल्या आणि तांदळाच्या भाकरीची घडी करून गजातून आत सरकवली. बांगड्याचं कालवण गजातून जाईना, म्हणून भाकरीला माखून दिलं. चाचा निमूट खायला लागले. उकाडा असा की त्यांनी सदरा काढून बाजूला ठेवला होता. बनियनवर बसून, गजाआड, भाकरी खात होते.

आणि नेमका त्याच वेळी अल्ताफचा व्हिडिओ कॉल आला.

चाचांनी सवयीने फोन उचलला. उचलायला नको होता. अल्ताफला स्क्रीनवर दिसलं ते असं. अब्बा बनियनवर, घामाघूम. मागे गज. आणि गजातून एक हात आत येतोय, हातात भाकरी.

"अब्बा!" पोरगा मस्कतहून असा ओरडला की बाहेर आम्हाला ऐकू आलं. "तुम्हाला पोलिसांनी कधी धरलं?"

"कोन पोलीस? काय बोलतो?"

"अम्मी कुठेय? वकील बघितला का? कोणाला उडवलंत काय अब्बा?"

"अरे मी माझ्या गाडीत हाय!"

"मग गज कसले?"

"माकडांचे!"

यावर अल्ताफ फार हळू आवाजात म्हणाला, "अब्बा, तुम्ही गाडीतून खाली उतरा बघू. आधी उतरा, सावलीत बसा, पाणी प्या."

"उतरता येत नाय रे बाबा. दरवाजे लागलेत. काच पन लागली."

"म्हणजे तुम्ही स्वतःला आत कोंडून घेतलंत?"

चाचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि फोन ठेवला. माझं नाव ते घेऊ शकले असते. घेतलं नाही.

मी पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धी डोक्यावर ओतली आणि डोकं चालवायला बसलो. खांब आत आलेत, तर ते बाहेर ढकलले पाहिजेत. बाहेरून ओढता येणार नाहीत. आतून ढकलता येतील. आत कोण आहे? कासमचाचा. ढकलायला काय लागेल? जॅक. चाक बदलताना गाडी उचलतात तो.

"चाचा, जॅक कुठेय?"

"सीटखाली."

"काढा."

जॅक उभा लावतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमचा बाटली जॅक आडवाही चालतो, फक्त पंपाची बाजू खाली धरायची. एका खांबाला जॅक टेकवायचा, दुसऱ्या खांबापर्यंत लाकूड लावायचं, आणि पंप मारायचा. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून सेंट्रिंगचा एक वासा आणला. किती लांब कापायचा म्हणून विचारलं तर चाचा हाताने मोजून म्हणाले, "साडेसहा वीत आनि चार बोटं." त्यांच्या एका वितीत माझ्या सव्वा मावतात. मी गजातून टेप दिला. वासा कापला, गजातून आत सरकवला. चाचांनी तो मांडीवर घेतला.

आता खरी गोम सांगतो. खांब फाकले की फ्रेमही थोडी फाकणार, आणि फ्रेममध्ये नवी काच. रबर थोडं सोसतं. किती सोसतं हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. काचेला तडा गेला तर चाचा बाहेर येतील, पण पासिंग गेलं, आणि पासिंग गेलं म्हणजे राणी गेली. हे मी चाचांना गजाला तोंड लावून सांगितलं. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून नाही, खरं तर मला मोठ्याने सांगायची हिंमत नव्हती.

चाचांनी विचार केला. म्हणाले, "रबर कापलं तर आजचं पासिंग नक्की जातं?"

"नक्की."

"जॅक मारला तर कदाचित जातं?"

"कदाचित."

"मंग मार म्हन की. इचारतो काय?"

"मारायचं तुम्हालाच आहे चाचा."

"या अल्ला," चाचा म्हणाले, आणि दांडा धरला.

मी काचेवर दोन्ही तळवे टेकवून उभा राहिलो, जणू तडा जाणार असला तर मी हाताने थांबवणार होतो. पहिला पंप. काही नाही. दुसरा पंप. वासा करकरला. चाची बाजूला तोंडातल्या तोंडात दुवा मागत होत्या, मधू डोळे मिटून उभा. तिसरा पंप, आणि 'टिक' असा आवाज आला.

मी काचेवर नाक टेकवून शोधायला लागलो. पलीकडून चाचांनीही नाक टेकवलं. आमच्या दोघांत फक्त काच. तडा कुठे दिसेना. मग कळलं, कोपऱ्यात रबराचा ओठ फ्रेमवरून सुटला होता, त्याचा आवाज. ते परत बसवता येतं. मी जोरात ओरडलो, "काच आहे! मारा!"

चौथ्या पंपाला ड्रायव्हर बाजूचा दरवाजा धाडकन उघडला आणि त्याला टेकून उभा असलेला रिक्षावाला रस्त्यावर बसला. मोराचा अर्धा पिसारा दरवाजाबरोबर गेला, अर्धा खांबावर राहिला. मधूने "अरे देवा" म्हणून कपाळावर हात मारला. चाचा बनियनवर, हातात अर्धी भाकरी, खाली उतरले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचींनी टाळी नाही वाजवली, आधी सदरा दिला.

पण काम संपलं नव्हतं. मी जॅक सैल केला, आणि दरवाजा पुन्हा अडकला. लोखंडाला सवय लागलेली होती. मग मी पुन्हा जॅक लावला, काचेवर ओली पोती टाकली, कारण ग्राइंडरची ठिणगी काचेत बसली तर कायमचा खड्डा पडतो. खांबाजवळचं वेल्डिंग दोन्ही बाजूंनी कापलं. ताण सुटला. मग टाके मारले, आणि टाके मारून दोन्ही दरवाजे उघडले, लावले. मग पक्कं केलं. पुन्हा उघडले, लावले. जॅक काढला. पुन्हा उघडले. रबराचा सुटलेला ओठ चढवला, तुटलेलं हँडल बसवलं. मोराच्या उरलेल्या रंगाकडे मी ढुंकून बघितलं नाही. सगळ्याला दीड तास लागला आणि दीड तासात मी एक शब्द बोललो नाही, यावरून समजा.

आम्ही चौघे राणीतून कॅम्पवर पोचलो तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. साहेब टेबल आवरत होते. चांगला माणूस. उठले आणि गाडीभोवती फिरले, दिवे बघितले, ब्रेक बघितला, काचेवर टिचकी मारली. "काच नवी वाटते. चाचा, जरा खाली उतरा."

चाचा ड्रायव्हर बाजूने उतरले. मग चढले आणि सरकत सरकत क्लीनर बाजूने उतरले. मग तिकडून चढून पुन्हा इकडून उतरले.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"उतरून दाखवतो साहेब. दोन्ही बाजूंनी उतरता येतं. कितीदा पन."

"बस, बस. समजलं," साहेब म्हणाले. अर्ध्या मोराकडे थोडा वेळ बघत राहिले, पण मोर नियमात कुठे बसत नाही. शिक्का मारला.

राणी पास झाली. चाचांनी लगेच अल्ताफला फोन लावला, स्पीकरवर. मी, मधू, चाची, तिघे बाजूला. चाचांना वाटलं होतं पोरगा 'हरलो' म्हणेल. पण पोरगा वेगळंच बोलला.

"पासिंग झालं, ठीक आहे अब्बा. मी जबान मोडत नाय. पन तुम्हीच सांगा, माणूस स्वतःला गाडीत कोंडून घेतो, दरवाजा कसा उघडायचा ते इसरतो, त्याला मी घाटात गाडी चालवू देऊ? तुम्हाला काय झालं तर? गाडी पास झाली. तुम्ही नाय झालात."

चाचांनी फोन खाली धरला. एवढा मोठा माणूस, आणि डोळ्यांत पाणी. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला लाज वाटली. दुपारपासून वाटत होती, पण तेव्हा सहन होईना. मी फोन त्यांच्या हातातून घेतला.

"अल्ताफ, मी दत्ताकाका बोलतोय. अब्बा काही विसरले नाहीत. दरवाजे वेल्डिंगने अडकले. वेल्डिंग माझं. पक्कं करायच्या आधी दरवाजे उघडून बघायचे असतात, ते मी बघितले नाहीत. चूक माझी आहे."

"पन तुमी तर रंगच म्हनत होता," चाची बाजूने म्हणाल्या.

"रंगामुळे नाही. मी खोटं बोललो." मधू माझ्या शेजारीच उभा होता. त्याने हाताची घडी घातली. "अब्बांनी आत बसून स्वतः जॅक मारला आणि स्वतःला बाहेर काढलं. काचेला तडा जाऊ न देता. मला नसतं जमलं."

अल्ताफने विचारलं, "म्हणजे इसरले ते अब्बा नाय, तुम्ही?"

"मी."

"तुमचं वय काय, काका?"

"अठ्ठावन्न."

"मग असं करा," अल्ताफ म्हणाला, "अब्बांना चालवू दे गाडी. रिटायर तुम्ही व्हा."

कासमचाचा एवढे हसले की त्यांना बंपरवर बसावं लागलं. मधू त्यांच्याहून जास्त हसला, आणि संध्याकाळपर्यंत ही गोष्ट महाडपासून पोलादपूरपर्यंत पोचवायची सगळी जबाबदारी त्याने बिनतक्रार उचलली. राणी अजून चिरे वाहते, चाचाच चालवतात. मी रिटायर झालो नाही. पण पक्कं वेल्डिंग करायच्या आधी आता दरवाजे उघडून बघतो, मोर ओला असो नाहीतर गिऱ्हाईक आडवं पडो. आणि काच बसवताना आत नेहमी बारीक माणूस बसवतो.